आयपीटीजी टाकला तरी बँड येईना: कोडॉनचा दोष ओळखायचा कसा, काढायचा कसा

फेब्रुवारी लागला की कोल्हापुरातल्या एमएस्सी बायोटेकच्या प्रयोगशाळांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "मॅडम, क्लोन बरोबर आहे, सिक्वेन्सिंग पण झालंय, पण बँडच येईना." म्हणजे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातलं, पण त्याचं प्रथिन जेलवर पट्टा (बँड) होऊन दिसत नाही. त्याच्यापाठोपाठ दुसरं: "कोडॉन ऑप्टिमाइझ केलेलं जनुक मागवूया का?" कोडॉन म्हणजे एका अमिनो आम्लाची खूण असलेली तीन अक्षरं. मागवायला हरकत नाही. पण त्यात पैसे जातात, प्रोजेक्टचे आठवडे जातात, आणि पुष्कळदा नवं जनुकही तसंच रुसून बसतं. कारण दोष कोडॉनमध्ये नव्हताच, किंवा होता पण आपण बघत होतो त्या ठिकाणी नव्हता.

खालचं सगळं बीएल२१-डीई३ हा ई. कोलायचा स्ट्रेन, पीईटी मालिकेतलं प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारा डीएनए, म्हणजेच व्हेक्टर) आणि आयपीटीजी इंडक्शन (या रसायनाने जनुक चालू करणं) धरून लिहिलं आहे. यीस्ट किंवा माणसाच्या पेशी वापरत असाल तर दुर्मीळ, म्हणजे पेशी क्वचित वापरते त्या, कोडॉनांची यादी बदलते, हे ध्यानात असू द्या.

आधी जेल नीट वाचा

"बँड नाही" ही तक्रार फार मोघम आहे. इंडक्शनच्या आधी एक आणि नंतर १, २ व ४ तासांनी एकेक नमुना घ्या. प्रत्येक वेळी ६०० नॅनोमीटरला ओडी (कल्चरचा गढूळपणा) बघा आणि १ ला त्या ओडीने भागून जेवढे मिली येतील तेवढं कल्चर काढा. ओडी २.५ असेल तर ०.४ मिली. पेशी सेंट्रिफ्यूज करून खाली बसवा, वरचं माध्यम पूर्ण काढून टाका, पेलेट १०० मायक्रोलिटर लेमली बफरमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा आणि १० मायक्रोलिटर लोड करा. नमुना काकवीसारखा तार धरायला लागला तर तो डीएनए आहे. २६ गेजच्या सुईतून चार-पाच वेळा ओढून सोडा. प्रत्येक लेनमध्ये पेशी सारख्याच असल्यामुळे आता बँडची जाडी एकमेकींशी ताडता येते. नुसतं "प्रत्येकी १ मिली घेतलं" असं करून काढलेल्या जेलवरून काहीही ठरवू नका.

सॉनिकेशन, लायसिस बफर या भानगडीत आत्ताच पडायचं नाही. पेशी थेट उकळल्या की प्रोटिएजना (प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना) प्रथिन कुरतडायला वेळच मिळत नाही. त्यामुळे पुढे तुकडे दिसले तर ते पेशी फोडताना झालेले नाहीत, एवढी खात्री राहते.

शेजारी दोन लेन हव्यातच: एक रिकामं प्लाझ्मिड, दुसरी त्याच व्हेक्टरमधलं हमखास येणारं प्रथिन. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) चालेल. जीएफपीच आलं नाही तर कोडॉनचा विषय तिथंच मिटला. मग बघायचं ते असं. इंडक्शन क्लोनिंगसाठीच्या डीएच५-अल्फा पेशींतच केलेलं आहे का? त्यांच्यात पीईटीवरचं जनुक वाचणारं टी७ पॉलिमरेज नाही, त्यामुळे जन्मात बँड येणार नाही, आणि ही चूक दरवर्षी कुणी ना कुणी करतंच. आयपीटीजीचा १ मोलर साठा १० मिलीत २.३८ ग्रॅम असाच आहे ना? कॉलनी महिनाभर फ्रिजमध्ये पडलेल्या प्लेटवरची आहे का? प्लाझ्मिड अँपिसिलिनचं असेल तर रात्रभराच्या कल्चरमध्ये बीटा-लॅक्टामेज माध्यमातलं औषध संपवून टाकतं आणि प्लाझ्मिड टाकून दिलेल्या पेशी माजतात. ताजं ट्रान्सफॉर्मेशन आणि कानामायसिनचं प्लाझ्मिड, एवढ्यावर बरंच काही सुटतं.

जीएफपी येतं आणि तुमचंच प्रथिन येत नाही, तर चित्र चारांपैकी एक असतं. बँड अजिबात नाही. अपेक्षेपेक्षा लहान बँड, किंवा शिडीसारखे अनेक. बँड जागेवर, पण पेशी फोडल्यावर सगळा पेलेटमध्ये. किंवा आयपीटीजी टाकताच वाढ थांबते. शिडी दिसली की कोडॉनवर संशय घ्यायला आधार आहे. अजिबात बँड नसेल तर आधी जनुकाची सुरुवात तपासायची. उरलेल्या दोन तक्रारींत कोडॉनचा हात असलाच तर थोडा असतो.

फ्रेम आणि भाषा

सिक्वेन्सिंग झालं म्हणजे बहुतेकांनी फक्त इन्सर्ट जुळवून पाहिलेलं असतं. टी७ प्रमोटर प्रायमरपासून वाचत या: व्हेक्टरचं एटीजी, टॅग, जोड आणि जनुक एकाच फ्रेममध्ये (तीन-तीन अक्षरांच्या एकाच विभागणीत) शेवटच्या थांब्यापर्यंत जातंय का? सी-टोकाला (प्रथिनाच्या शेवटी) हिस-टॅग, म्हणजे हिस्टिडीनांची खूण, हवा असताना रिव्हर्स प्रायमरमध्ये जनुकाचा स्वतःचा स्टॉप कोडॉन राहून गेला, तर सगळी प्रथिनं रंगवणाऱ्या कूमासीत बँड दिसेल आणि फक्त टॅग ओळखणारा अँटी-हिस ब्लॉट कोराच राहील. हे प्रथिन न बनणं नव्हे.

उसाचं किंवा बुरशीचं जनुक असेल तर ते सीडीएनएवरून (एम-आरएनएवरून बनवलेल्या डीएनएवरून) उचललंय ना? जीनोमिक डीएनएमधले इंट्रॉन (वगळायचे मधले तुकडे) ई. कोलाय कापत नाही.

आणखी एक चूक सहसा ध्यानात येत नाही. जनुकीय संकेत सगळीकडे अगदी एकच नाही. मायकोप्लाझ्मात टीजीए म्हणजे थांबा नव्हे, ट्रिप्टोफॅन. पृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातही तसंच, शिवाय तिथं एटीए म्हणजे मेथिओनिन. कँडिडा अल्बिकन्समध्ये सीटीजी ल्युसीनऐवजी बहुतांशी सेरीन असतं. असं जनुक जसंच्या तसं ई. कोलायमध्ये घातलं तर मायकोप्लाझ्माचं प्रथिन पहिल्या टीजीएवरच तुटेल, आणि कँडिडाचं पूर्ण लांबीचं येईल पण आत ल्युसीन भरलेलं असेल. दुसरी चूक जेलवर कधीच दिसत नाही. एनसीबीआयवर भाषांतर करताना ई. कोलायसाठी तक्ता ११ असतो, मायकोप्लाझ्मासाठी ४, पृष्ठवंशी मायटोकॉन्ड्रियासाठी २ आणि कँडिडासाठी १२. मूळ जीवाच्या तक्त्याने आणि ११ ने, दोन्हींनी भाषांतर करून बघा. दोन प्रथिनांत एका अक्षराचाही फरक आला तर ते कोडॉन आधी बदलायला हवेत.

आता कोडॉन मोजा

६४ कोडॉनांपैकी ३ थांब्याचे. उरलेले ६१ वीस अमिनो आम्लांत वाटलेले. ल्युसीन, सेरीन, अर्जिनिन यांना सहा-सहा, तर मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅनला एकेकच. अर्थ एकच असला तरी पेशी सगळे कोडॉन सारखे वापरत नाही. ई. कोलायच्या जनुकांत दर हजार कोडॉनांत सीटीजी सुमारे ५० वेळा येतं, एजीजी दोनदासुद्धा नाही. ज्या कोडॉनची गरज कमी, त्याचा टी-आरएनएही (अमिनो आम्ल आणून देणारा रेणू) पेशीत कमी.

खानावळीत तांबडा रस्सा पातेलंभर आहे, पण भाकरी थापणारी एकच मावशी आहे. एकदुसरं गिऱ्हाईक आलं तर काही कळतही नाही. आयपीटीजी टाकणं म्हणजे लग्नाची अख्खी पंगत एकदम बसवणं. पंगत भाकरीपाशी अडते. तसाच रायबोसोम एजीजीपाशी अडतो. मग तो कधी फ्रेम सोडून सरकतो, कधी चुकीचं अमिनो आम्ल बसवतो, आणि कधी अर्धवट प्रथिनासकट सुटतो. सुटलेल्या तुकड्याला पेशी टीएम-आरएनएमार्फत शेपूट लावून प्रोटिएजच्या हवाली करते. म्हणून कधी तुकडे दिसतात, तर कधी काहीच दिसत नाही.

मोजणी हातानेच करा, त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एटीजीपासून स्टॉपपर्यंतचा क्रम स्प्रेडशीटच्या एका घरात चिकटवा, मिड सूत्राने तीन-तीन अक्षरं खालोखाल तोडा आणि हे आठ कोडॉन रंगवा: अर्जिनिनचे एजीजी, एजीए, सीजीए, सीजीजी, आयसोल्युसीनचं एटीए, ल्युसीनचं सीटीए, प्रोलीनचं सीसीसी, ग्लायसीनचं जीजीए. एकूण टक्केवारीला फार महत्त्व देऊ नका. रंग कुठं दाटलाय ते बघा. दोनशे कोडॉनांत विखुरलेले आठ एजीए बहुधा निभावून जातात. लागोपाठ आलेले तीन निभावत नाहीत. एजीजी-एजीजी ही जोडी तर कुप्रसिद्धच आहे: भरपूर एक्स्प्रेशन असताना तिथं निम्म्यापर्यंत रायबोसोम फ्रेम सोडतात, हे १९८८ मध्येच दाखवलं गेलं.

कोणतं जनुक आहे त्यावरून कुठं बघायचं हेही कळतं. माणसाच्या, म्हशीच्या जनुकांत एजीए आणि एजीजी भरपूर. माणसात तर अर्जिनिनच्या शंभरातले चाळीसहून अधिक कोडॉन हे दोनच असतात. राधानगरी-गगनबावड्याकडच्या मातीतून काढलेला स्ट्रेप्टोमायसिस असेल तर जीनोममध्ये जी आणि सी मिळून ७० टक्क्यांच्या वर असतात, तेव्हा सीसीसी आणि सीजीजीवर डोळा ठेवा. मलेरियाच्या प्लाझ्मोडियमसारख्या एटी-बहुल जीवात एटीए आणि एजीए.

दाटी सापडली की तोंडी हिशेब करा. समजा, १४० ते १४३ कोडॉनांत तीन दुर्मीळ आहेत आणि सुरुवातीला पीईटी-२८ए चा २० अमिनो आम्लांचा हिस-टॅग आहे. एक अमिनो आम्ल सरासरी ११० डाल्टन. १४० गुणिले ११० म्हणजे १५.४ किलोडाल्टन, अधिक टॅगचे २.२, तुकडा १७ ते १८ च्या आसपास यायला हवा. जेलवर तिथंच बँड आहे आणि अँटी-हिसला तो उजळतोय, तर पुरावा पक्का. हिशेबाशी न जुळणारा तुकडा असेल तर वेळेच्या नमुन्यांकडे परत या. पहिल्या तासापासून मोठ्या-लहान बँडचं प्रमाण तेच राहत असेल तर दोष भाषांतरात. मोठा बँड कमी होत लहान वाढत असेल तर पेशीतलं प्रोटिएज. आणि टॅग सी-टोकाला असूनही लहान तुकडा अँटी-हिसला दिसत असेल, तर भाषांतर मध्येच तुटलेलं नाही. एक तर सुरुवातीचा भाग प्रोटिएजने कापलाय, नाहीतर जनुकाच्या मध्ये कुठंतरी एजीजीएजीजीसारखा क्रम आणि त्याच्यापुढे ५ ते १० अक्षरांवर एटीजी आहे, आणि रायबोसोम तिथूनच सुरुवात करतोय.

बँड अजिबातच नसेल तर: पहिले पंधरा कोडॉन

या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. २००९ मध्ये एकाच जीएफपीची, अमिनो आम्लं तीच ठेवून, १५४ रूपं ई. कोलायमध्ये तपासली गेली. उत्पादनात सुमारे २५० पटींचा फरक पडला, आणि कोडॉन किती "चांगले" याच्याशी त्याचा मेळ बसला नाही. मेळ बसला तो एटीजीच्या ४ अक्षरं आधीपासून ३७ व्या अक्षरापर्यंतच्या पट्ट्यात एम-आरएनए स्वतःवर किती घट्ट दुमडतो याच्याशी. दुमड घट्ट असेल तर रायबोसोमला बसायलाच जागा नाही. २०१३ मध्ये १४,००० हून अधिक रचना तपासल्या तेव्हा सुरुवातीला दुर्मीळ कोडॉन असलेल्या रचनांतून उलट जास्त प्रथिन निघालं, कारण त्यांतले बरेच ए-टी-बहुल असतात आणि दुमड सैल ठेवतात. म्हणजे "दुर्मीळ तेवढं वाईट" हा नियम जनुकाच्या पोटात चालतो, तोंडाशी चालत नाही.

स्ट्रेप्टोमायसिसची जनुकं इथंच मार खातात. समजा, सुरुवात एटीजी जीसीसी सीजीजी जीजीसी सीसीसी सीटीसी अशी आहे. एटीजीनंतरच्या १५ अक्षरांत १४ जी किंवा सी. तीच अमिनो आम्लं एटीजी जीसीए सीजीटी जीजीटी सीसीए टीटीए अशी लिहिली की १५ पैकी ८ च राहतात. प्रथिनात काडीचाही बदल नाही.

यासाठी नवं जनुक मागवायची गरज नाही, बदल फॉरवर्ड प्रायमरमध्येच बसतो. पुढे चार-सहा जादा अक्षरं, मग एनडीई-१ या कापणाऱ्या विकराची जागा, तिच्यातल्याच एटीजीपुढे बदललेले १० ते १५ कोडॉन, आणि शेवटी मूळ क्रमाशी तंतोतंत जुळणारी २० ते २२ अक्षरं. प्रायमर ६० ते ८० अक्षरांचा होतो. एवढा लांब प्रायमर डिसॉल्टेड न घेता शुद्ध करून घ्या, नाहीतर अपुऱ्या प्रायमरमधून एखादं अक्षर गळालेले क्लोन मिळतात. पहिली ५ आवर्तनं फक्त जुळणाऱ्या २० अक्षरांच्या तापमानाला, उरलेली २५ वरच्या तापमानाला. जीसी-बहुल टेम्प्लेटला ५ टक्के डीएमएसओ घाला. त्याने वितळण्याचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, तेवढं ॲनिलिंग खाली घ्या.

प्रायमर मागवण्याआधी आरएनए दुमडणाऱ्या कुठल्याही मोफत साधनात हा ४१-४२ अक्षरांचा पट्टा, व्हेक्टरच्या शेवटच्या चार अक्षरांसकट, टाकून बघा. ऊर्जा उणे ५ च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे १२-१५ किलोकॅलरीपर्यंत गेली तर कोडॉन पुन्हा निवडा. हा ढोबळ अंदाज आहे, पण दहापैकी कुठला पर्याय घ्यायचा हे ठरवायला पुरतो.

त्याहूनही सोपा उपाय म्हणजे एन-टोकाचा (प्रथिनाच्या सुरुवातीचा) टॅग. पीईटी-२८ए मध्ये एनडीई-१ ला जोडलं की पहिले वीस कोडॉन व्हेक्टरचे येतात, आणि ते चालतात हे असंख्य वेळा सिद्ध झालेलं आहे. तुमच्या जनुकाचं तोंड मग आत ढकललं जातं. सी-टॅगच्या रचनेत शून्य आणि एन-टॅगमध्ये जाड बँड, असं झालं तर दोष तोंडाशीच होता असं धरायला हरकत नाही.

पोटातली दाटी

इथं आधी स्ट्रेन बदला. खर्च एका ट्रान्सफॉर्मेशनचा. रोझेटा स्ट्रेनमधलं पीरेअर प्लाझ्मिड एजीजी, एजीए, एटीए, सीटीए, सीसीसी आणि जीजीए यांचे टी-आरएनए पुरवतं. रोझेटा-२ मध्ये सीजीजीची भर. कोडॉनप्लस या दुसऱ्या स्ट्रेन-मालिकेतला आरआयएल एटी-बहुल जनुकांसाठी, आरपी जीसी-बहुलसाठी. रोझेटाला क्लोरॅम्फेनिकॉल मिलीला ३४ मायक्रोग्रॅम लागतंच, तुमच्या प्लाझ्मिडच्या औषधाखेरीज. साठा इथेनॉलमध्ये ३४ मिलिग्रॅमचा करा, पाण्यात तो विरघळत नाही. पीरेअरचं ओरिजिन पी१५ए आहे, म्हणून पीएसीवायसीवर बांधलेलं स्वतःचं प्लाझ्मिड किंवा वेगळं पीलायएस (गळती रोखणारं मदतनीस प्लाझ्मिड) त्याच्यासोबत टिकणार नाही. पीलायएस हवंच असेल तर दोन्ही एकाच प्लाझ्मिडवर असलेला स्ट्रेन मिळतो.

या सगळ्यांतून सीजीए सुटतो. तो इनोसिनच्या (टी-आरएनएतल्या बदललेल्या अक्षराच्या) डळमळीत जोडीने वाचला जातो आणि रोझेटात त्याची भरपाई नाही. सीजीए-सीजीए अशी जोडी दिसली तर साइट-डायरेक्टेड म्युटाजेनेसिसने सीजीटी करा. बाकीचेही मोजके असतील तर तसेच बदला: एजीए व एजीजीचं सीजीटी किंवा सीजीसी, एटीएचं एटीटी, सीटीएचं सीटीजी, सीसीसीचं सीसीजी, जीजीएचं जीजीटी.

रोझेटात बँड आला म्हणजे काम झालं असंही नाही. एन-टॅग असेल तर उरलेसुरले तुकडेही हिस-टॅग पकडणाऱ्या निकेल कॉलमला चिकटून शुद्ध प्रथिनात येतात. दाटी काढता येत नसेल तर टॅग सी-टोकाला न्या. पूर्ण प्रथिनालाच तो मिळेल. आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीत वस्तुमान २८ डाल्टनने किंवा त्याच्या पटीत कमी भरलं तर एजीएच्या जागी अर्जिनिनऐवजी लायसीन बसलंय. ट्रिप्सिन दोन्हींपाशी कापतं, त्यामुळे पेप्टाइडचे तुकडे त्याच जागी पडतात आणि फसगत होते.

जनुक मागवायचंच ठरलं तर

कंपनीला "ऑप्टिमाइझ करून द्या" एवढंच लिहू नका. स्ट्रेन सांगा. कोडॉन ॲडॅप्टेशन इंडेक्स (कोडॉन पेशीच्या सवयीशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.८ च्या पुढे पुरे, १.० चा हट्ट धरला की प्रत्येक ल्युसीनला सीटीजीच येतं, त्या एकाच टी-आरएनएवर सगळा भार पडतो आणि क्रमात पुनरावृत्ती वाढते. जीसी ४५ ते ५५ टक्के, एकच अक्षर सलग सहापेक्षा जास्त नको, आत एनडीई-१ व एक्सएचओ-१ च्या जागा नकोत, एजीजीएजीजीच्या पुढे जवळच एटीजी नको. शेवटी टीएए, शक्यतो दोनदा. टीजीएवरून रायबोसोम कधीकधी पुढे निघून जातो. पहिल्या पंधरा कोडॉनांची दुमड मात्र कंपनीवर सोडू नका, स्वतः तपासा. आलेल्या क्रमाचं भाषांतर मूळ प्रथिनाशी अक्षर-अक्षर जुळवल्याशिवाय ऑर्डर पक्की करायची नाही.

बँड आहे, पण सगळा पेलेटमध्ये

कोडॉन सुधारल्यावर ही तक्रार उलट वाढते, कारण आता प्रथिन भराभर बनतं आणि घडी पडायला उसंत मिळत नाही. ओडी ०.६ ते ०.८ ला फ्लास्क १५-२० मिनिटं बर्फात ठेवा, आयपीटीजी ०.१ ते ०.२ मिलिमोलर, मग १८ अंशांवर १६ तास. ५० मिलीत ०.२ मिलिमोलर म्हणजे १ मोलर साठ्यातले फक्त १० मायक्रोलिटर.

इथं कोल्हापूरच्या उन्हाळ्याचा वेगळा प्रश्न येतो. बऱ्याच शेकरना फक्त हीटर असतो, कूलिंग नसतं. पाटीवर १८ लावलं तरी एप्रिल-मेमध्ये फ्लास्क खोलीच्याच तापमानाला फिरतो, वर मोटरची ऊब वेगळीच. पाणी भरलेल्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर घालून एकदा खरं तापमान बघा. कूलिंगवाला शेकर नसेल तर पहाटेच्या थंडाव्यात २५ अंशांच्या आसपास ०.१ मिलिमोलरवर ४ ते ५ तासांचं इंडक्शन जमवा. १८ ची सर येत नाही, पण ३७ पेक्षा पुष्कळ बरं. वळवाच्या पावसात रात्री वीज गेली आणि शेकर थांबला तर तो नमुना सरळ टाकून द्या. हवा न मिळालेल्या पेशींचा बँड कोडॉनबद्दल काहीच सांगत नाही.

आयपीटीजी टाकताच वाढ थांबत असेल तर प्रथिन पेशीला जड जातंय. रात्रभराच्या कल्चरमध्ये आणि प्लेटमध्येही १ टक्का ग्लुकोज घाला, म्हणजे इंडक्शनआधीची गळती कमी होते. ग्लिसरॉल स्टॉक याच ग्लुकोजच्या कल्चरमधून, आयपीटीजी न लावलेल्या पेशींचा बनवा, आणि पुढच्या वेळी सुरुवात त्या स्टॉकवरून काढलेल्या ताज्या प्लेटने करा.